दोर वळणारा मागे चालतो

वाचनालयाच्या मागच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी माझे काका इथे जुने माहितीपट दाखवत, तेव्हा माणसं कमी अन् खुर्च्याच जास्त. आज खिडक्यांच्या कठड्यांवरही लोक दाटीवाटीने बसले होते. पडद्यावर आमचा बंद पडलेला दोरखंडाचा कारखाना होता, मुका, करड्या रंगाचा. आणि त्या लांबलचक शेडमधून माझे बाबा चालत येत होते. थेट आईकडे.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या खेपेला हीच फिल्म लागली तेव्हा ते आमच्याकडे तोंड करून, पण पाऊल पाऊल मागे सरत, धूसर होत गेले होते. आईचे हुंदके थांबेनात. तेव्हा शेजारच्या खुर्चीतले छायामहाराज तिच्या कानाशी लागले, "माई, त्याला परत बोलावतो. पण अंगात औषध असलं की आत्मा फिरकत नाही. आमचं मंतरलेलं पाणी घ्या."

त्या दिवसापासून आईची हृदयाची गोळी बंद. पाय सुजले, बोलताना धाप लागू लागली. डॉक्टर रागावले, मी रडले. आईचं एकच, "तुझा बाप यायचाय, आणि तुला गोळीचं पडलंय."

"पाहा, गेलेला माघारी फिरला," महाराज आता उभे राहून, मागे प्रोजेक्टरपाशी बसलेल्या काकांकडे बोट करत म्हणाले. "यंत्र यांचं, मंत्र आमचा. डॉक्टरांच्या नळीतून येतो का कधी कुणी?"

"नाही बुवा," मागून कुणीतरी हात जोडले.

आई खुर्चीतून अर्धी उठली होती. मीही पाहत राहिले, खोटं कशाला बोलू. बाबांचा चेहरा जवळ येत होता. मग माझी नजर त्यांच्या कमरेला गुंडाळलेल्या काथ्यावर गेली.

"आई, दोर वळताना कमरेचा काथ्या कमी होतो की वाढतो?"

"कमीच होणार. त्याचाच तर दोर होतो. काथ्या सोडत मागे मागे जायचं, तेवढा दोर लांबतो."

"मग बाबांच्या कमरेला तो वाढतोय कसा? आणि दोर आखडतोय."

आई खाली बसली.

मी यंत्राशी गेले. काकांनी एका दांड्यावर तळवा ठेवला होता.

"हात काढा, काका."

त्यांनी तो काढला. मी दांडा फिरवला, बाबा मागे चालू लागले. पुन्हा फिरवला, बाबा पुढे.

"रीळ उलटं चालवलंय, बाकी काही नाही. असं केलं की जाणारा येतो, धूरही चुलीत शिरतो."

"आत्म्याचा खेळ मांडतेस, पोरी?" महाराज म्हणाले.

"मांडलाय तुम्ही. मी फक्त उलगडला."

लोक एकमेकांकडे पाहत असताना महाराज दाराकडे निघाले. ते मात्र सरळ चालत गेले.

आई काकांकडे पाहत होती. "भावजी, दांडा तुमच्या हातात होता."

"वहिनी, रिकाम्या खुर्च्यांना चित्रं दाखवून जीव विटला होता. महाराज म्हणाले, दालन भरेल. आणि आत्ता तुमचा चेहरा कसा उजळला होता…"

"माझी गोळी बंद झाली, ठाऊक होतं?"

"होतं," काका रीळ उतरवत म्हणाले.

"लेकरासारखं वाढवलं त्यांनी तुम्हाला," आई म्हणाली. "आज दुसऱ्यांदा गेले ते. पहिल्यांदा मरणानं नेले. आज तुम्ही."

मी दिवे लावले. लोकांना एवढंच म्हटलं, "चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी हात लावून पाहा. कसं झालं, कुणी केलं, कशासाठी केलं, विचारा. आणि औषध सोडा म्हणणारा तुमचं गेलेलं माणूस आणून देत नाही. तो असलेलं माणूस घालवतो."

"डॉक्टरांकडे ने मला," आई म्हणाली.

ती उठताना डगमगली. काकांनी हात पुढे केला. आईनं समोरच्या खुर्चीची पाठ धरली, मग तिच्यापुढच्या खुर्चीची, आणि अशीच दारापर्यंत गेली.