लाल चिंधीची गाठ

टेम्पो मखमलाबाद सोडून पंचवटीच्या रस्त्याला लागला आणि छायाने सवयीने एक जुडी उचलली, उलटी धरली, गुडघ्यावर तीनदा झटकली. आतून पिवळा पाला पडला. थोडाथोडका नाही, चांगला मूठभर!

आता तुम्ही म्हणाल, कोथिंबिरीत पिवळा पाला निघाला तर एवढं काय आकाश कोसळलं? खरंय. वर हिरवीगार आणि पोटात पिवळी, अशीच जुडी बांधतात बरेच जण. पण या जुडीवर लाल चिंधी होती, आणि लाल चिंधी म्हणजे छाया, हे मार्केट यार्डातलं शेंबडं पोरही सांगेल. सत्त्याण्णव साली लग्न होऊन आली तेव्हा या बाईने स्वतःला एक सवय लावून घेतली. जुडी तीनदा झटकायची, पिवळं पान काढायचं, मुळं धुवायची, आणि परकर शिवणाऱ्या टेलरकडून आणलेल्या लाल चिंधीने बांधायची. निवडायला शेजारची लताबाई असायची, पण गाठ मारायची ती छायानेच.

बाया हसल्या. सासू म्हणाली, "कोथमीर हाय का नवरी, एवढी सजवती?" नवरा जीवन तर चिडायचा, कारण एवढ्या निवडीपायी शंभरातल्या दहा जुड्या कमी भरायच्या आणि भाव मिळायचा सगळ्यांइतकाच. पहिलं वर्ष असंच गेलं. ताप असो, घरात लग्न असो, छायाने झटकायचं सोडलं नाही. दुसऱ्या वर्षी लिलावात व्यापाऱ्यांनी तिच्या जुडीची चिंधी सोडून आत बघणं बंद केलं. तिसऱ्या वर्षापासून तिच्या मालाला चढा भाव लागू लागला. मग पत्र्याच्या खोलीवर स्लॅब पडला, विहिरीवर मोटर बसली. नंतर सासूही लाल चिंध्या कापायला बसायला लागली.

आणि आता, दोन हजार तीनच्या डिसेंबरात, खंडेराव शेठने मोठीच गोष्ट आणली होती. शेठ यार्डातला जुना व्यापारी. मुंबईच्या एका हॉटेलवाल्यांना बारमाही कोथिंबीर हवी होती, रोज आठशे जुड्या, वर्षभर एकच भाव. उन्हाळ्यात भाव चढो नाहीतर हिवाळ्यात मातीमोल होवो, छाया-जीवनला धास्ती नाही. हॉटेलचे खरेदी बघणारे जाधव साहेब आज चारला यार्डात येणार होते. माल बघून हो किंवा नाही, तिथल्या तिथे. जीवनने तर जुनी पिकअपही बघून ठेवली होती.

आणि आज जुडीत पिवळा पाला!

"अहो, ही जुडी आपली नाय," छाया म्हणाली.

शेजारी क्रेटवर बसलेला जीवन दुसरीकडे बघू लागला. तिथंच तिला कळलं.

"काय केलंत?"

"पाट फुटला, दोन वाफे चिखलात आडवे झाले, तू बघितलंच ना. दोनशेच्या वर जुड्या कमी पडत होत्या. तू भाकरी करायला गेली तेव्हा शेजारच्या सहादूच्या रानातून आणल्या. चिंध्या मी बांधल्या."

"कुठल्या क्रेटात?"

"सगळ्यात मिसळल्या. वेगळ्या दिसू नाय म्हणून."

छायाला वाटलं, टेम्पोतून उडी मारावी. "तुम्हाला काही वाटलं नाय?"

"अगं, कोण उघडून बघतंय तुझी जुडी?" जीवनचा आवाज चढला. "सहा वर्षं नाव कमावलं ते कशाला? एक दिवस कामाला येऊ दे की! उद्यापासून कर तुझं धुणं-झटकणं. आज आठशे भरल्या नाय तर तो साहेब उठून जाईल, मग बस चिंध्या मोजत."

खोटं तरी कुठं बोलत होता तो? साहेब उठून गेला तर पुन्हा असं गिऱ्हाईक यायचं नाही. आणि कोणी उघडलीच नाही जुडी, तर?

पण ती पिवळी पानं तिच्या मांडीवर पडली होती. तिने ती झटकली आणि शेजारचं क्रेट पुढ्यात ओढलं.

छाया डावरी. तिची गाठ उलट्या बाजूला बसते, टोक आत वळतं. जीवनची गाठ सगळ्यांसारखी. सहा वर्षं रोज तीच गाठ मारणाऱ्या बोटांना बघायची गरज नव्हती. हात घातला, चिंधी चाचपली. आपली. आपली. ही नाही. ती बाजूच्या रिकाम्या पोत्यावर टाकली.

"डोकं फिरलं का तुझं?" जीवनने तिचं मनगट धरलं. तिने नुसतं बघितलं त्याच्याकडे. त्याने हात सोडला.

रस्त्यावर ही गर्दी! ड्रायव्हर मंगळू हॉर्न वाजवून कावला होता. यार्डाच्या फाटकात शिरले तेव्हा साडेतीन झाले होते आणि पाच क्रेटं बाकी होती. बोटं गार पडली, पाण्याने सुरकुतली, तरी थांबली नाही ती. मधेच एक गाठ हाताला लागली आणि कळेना, आपली की परकी. पाटाच्या गडबडीत पहाटे घाईत मारलेली असेल. तिने ती झटकली. पान पडलं नाही. तरी तिने ती पोत्यावरच टाकली.

पावणेचारला शेवटचं क्रेट झालं. पाचशे अठ्ठ्याऐंशी. पोत्यावर दोनशे बारांचा ढीग.

"संपलं," जीवन डोक्याला हात लावून म्हणाला. "घातलं पाण्यात सगळं."

तेवढ्यात खंडेराव शेठ आलेच, बरोबर जाधव साहेब. बारीक अंगाचा, चष्मेवाला माणूस. क्रेटांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "आठशे म्हटलं होतं ना? आणि हे बाजूला का काढलंय?"

छायाने ढिगाकडे पाहिलं. नवऱ्याने लबाडी केली, हे चार माणसांत कोणत्या तोंडाने सांगायचं? कमी आहे म्हणावं, तर या ढिगाचं काय सांगणार?

"ते माझं काम हाय, साहेब," मागून आवाज आला. जीवन खाली मान घालून उभा होता. "माल कमी पडला म्हणून दुसरीकडून आणून मी मिसळला. हिला नव्हतं ठाऊक. हिने वाटेत निवडून काढला. आमच्या पाचशे अठ्ठ्याऐंशीच हायेत."

शेठनी ढिगातली एक जुडी घेतली, चिंधी सोडली. पिवळा पाला खाली पडला. मग ते जीवनकडे वळले. "सहा वर्षं मी तुमची रोज एक जुडी घरी नेतो. बायको निवडते. तुम्हाला काय वाटलं, कोणी उघडतच नाही?"



जाधव साहेबांनी छायाच्या क्रेटातल्या चार जुड्या सोडल्या. देठ, मुळं, सगळं पाहिलं. तेवढा वेळ छायाला युगासारखा गेला.

"आठशेचा करार नाही करता येणार," ते म्हणाले.

छायाने डोळे मिटून घेतले.

"पाचशेचा करू. वर्षभर. उरलेल्या दुसऱ्याकडून बघतो. वाढवता आल्या तर पुढच्या साली बोलू. पण एक लक्षात ठेवा. ज्या दिवशी कमी असतील, त्या दिवशी हेच सांगायचं, कमी आहेत म्हणून."

छायाला रडूच कोसळलं. शेठ "अगं बाई, आता कशाला?" म्हणत राहिले आणि ती रडत राहिली.

साहेब गेले. पिकअप काही एवढ्यात येत नव्हती. ती टेम्पोकडे आली, तर जीवन पोत्यापाशी उकिडवा बसून सहादूच्या जुड्यांवरच्या लाल चिंध्या एकेक करून सोडत होता. बिनचिंधीचा माल साध्या लिलावात जाणार होता. सोडलेल्या चिंध्या तो नीट उलगडून मांडीवर ठेवत होता.

तीही शेजारी बसली. एकेक चिंधी सोडू लागली.

"तुझी ती उलटी गाठ," तो शेवटी म्हणाला, मान वर न करता, "मला शिकवशील?"

छायाने पदराने नाक पुसलं. ढिगातली एक जुडी उचलून त्याच्या हातात दिली.

"आधी झटका," ती म्हणाली. "तीनदा."