सांतानची शेवटची मूठ

वैशाखाचं ऊन वसईच्या वाड्यांवरून मावळतीकडे कललेलं. केळीच्या पानापानांतून झिरपणारा सोनसळी, सुस्त, समुद्रगंधी प्रकाश. बावखळाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, हिरव्या जळावर थबकलेला वारा. आणि या हरित-शांत चित्राच्या मधोमध, कुणालाही न विचारता पेटून उठलेला एक गुलमोहर. पान दिसेल तर शपथ! अंगणभर लाल, कुंपणावर लाल, विहिरीच्या काठावर लाल. हा गुलमोहर कार्मेलीनकाकीच्या दारातला.

दार मात्र बंद होतं.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत तिचा नवरा, सांतानकाका गेला, तेव्हापासून ते दार असंच. सुरुवातीला माणसं आली. कुणी पेज आणली, कुणी प्रार्थनेला बसू म्हणालं. काकीनं साऱ्यांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावलं. "बरं आहे माझं," म्हणायची, आणि कडी. मग माणसं यायची थांबली. ती थांबली म्हणून काकी रुसली. असतं बाई एकेकाचं! आपणच दार लावायचं आणि आपणच म्हणायचं, कुणी येत नाही.

चर्चलाही ती गेली नाही. ईस्टरची पहाटघंटा तिनं उशीत तोंड खुपसून ऐकली. कारण चर्चमध्ये बसायचं तर मान वर जायची, आणि मान वर गेली की माळा दिसायचा. गायकांचा तो लाकडी माळा, अर्ध्या चर्चवर पुढे आलेला, त्याचा कठडा, आणि कठड्याशी नसलेला सांतान. ते तिला बघवलं नसतं.

उद्या पेन्टेकॉस्ट. भेदरलेले, दारं लावून बसलेले येशूचे शिष्य, त्यांच्यावर पवित्र आत्मा अग्निजिव्हांच्या रूपानं उतरला आणि ती दारं उघडली, त्याचा हा सण. या गावाची त्या दिवशीची रीत न्यारी. पवित्र आत्म्याचं गीत सुरू झालं की माळ्यावरून पाकळ्यांची वृष्टी व्हायची. रक्तवर्णी, वातविहारी, ज्वालाकोमल पाकळ्या पंख्यांच्या वाऱ्यावर तरंगत लेकराबाळांवर, म्हाताऱ्याकोताऱ्यांवर उतरायच्या. झाड सांतानचं, हातही सांतानचे. सणाच्या आदल्या सांजेला गावच्या बायका चादरी घेऊन अंगणात यायच्या, तो आकडीनं फांद्या हलवायचा, आणि हसण्या-खिदळण्यात लाल ढीग जमायचा.

आणि लबाड एक मूठ मागे ठेवायचा. सगळ्या पाकळ्या उतरल्या, गीत सरत आलं, की उशिरानं ती शेवटची मूठ सोडायचा. नेमकी खाली, कठड्यासमोरच्या बाकावर, कडेला बसलेल्या कार्मेलीनच्या डोक्यावर. सारं चर्च गालात हसायचं. ती लाजेनं लाल व्हायची, "म्हातारचळ मेला!" म्हणायची, आणि ती एकेक पाकळी घरी न्यायची.

आज ती पडद्याआडून अंगणाकडे बघत होती. ऊन उतरलं. सावल्या लांबल्या. चादर घेऊन कुणी आलं नाही. विसरले, ती मनाशी म्हणाली. माणूस गेला, रीत गेली, आपणही गेलो.

इतक्यात कुंपणापलीकडे शेजारची रेजिना दिसली. रेजिना गायकांच्या वृंदात गाणारी, गोड गळ्याची आणि भित्र्या स्वभावाची. काकीनं कडी काढली.

"काय गं रेजिना, यंदा फुलं नकोत का चर्चला?"

रेजिना दचकली. "काकी... दुखवट्याच्या दारात लाल रंग मागायचा कोणत्या तोंडानं? कुणाचा धीरच होईना. मग पोरांनी कागदाच्या पाकळ्या कापल्यात. लाल पताकांचा कागद. दिसतात बऱ्या."

"कागद?"

"हो."

"पवित्र आत्मा काय कागदावर उतरतो?" काकी कडाडली. "माझं झाड जळतंय नुसतं फुलांनी, आणि सांतानच्या चर्चमध्ये कागद!"

दुःखानं जिला खाटेला खिळवलं होतं, तिला रागानं उभं केलं. रागही कधी कधी देवाघरचाच असतो हो! तिनं आकडी काढली. चादरी तर येणाऱ्या बायकांच्या असायच्या. घरात तेवढं मोठं काय? तिनं ट्रंक उघडली. तळाशी लग्नातलं लाल लुगडं होतं, डांबरगोळ्यांच्या वासात झोपलेलं. क्षणभर तिनं त्यावरून हात फिरवला. मग तिनं ते झाडाखाली अंथरलं.

काळ्या साडीतली ती कृश, कनवाळू, करारी म्हातारी फांद्या हलवत राहिली, आणि संध्येच्या तांबूस उजेडात लालावर लाल उतरत राहिलं. केसांत लाल, खांद्यावर लाल, सुरकुतल्या ओंजळीत लाल. "बघ रे," ती रडत रडत म्हणाली, "बघ तुझं झाड." कितीतरी दिवसांनी तिला मोकळं रडू आलं होतं. कुंपणापलीकडे रेजिनाही डोळे पुसत होती.

सकाळी लोकांनी पाहिलं ते असं: काळी साडी, पाठीवर लाल गाठोडं, आणि माळ्याच्या जिन्याची एकेक पायरी कुरकुरत चढणारी कार्मेलीनकाकी. वर पोचताच रेजिना पुढे झाली. "काकी, गुडघे दुखतील. द्या, मी टाकते."

"हात लावशील तर बघ," काकी म्हणाली, आणि कठड्याशी जाऊन उभी राहिली. सांतानच्याच जागी.

गीत उठलं. पेटीचा सूर, त्यावर रेजिनाचा गळा, त्यावर साऱ्या गावाचा गळा. काकीनं गाठ सोडली, लुगड्याची दोन्ही टोकं धरली, आणि सारं आभाळ झटकावं तशी ती झटकली.

उतरल्या! भिरभिरत, गिरकत, गात उतरल्या. वेदीवर, ईस्टरच्या, पास्काच्या मेणबत्तीपाशी, फादर लॉरेन्सच्या लाल झग्यावर. शेकडो चेहरे वर उचलले गेले, उघडे, उजळ, लेकरांसारखे. वर्षानुवर्षं सांतान वरून हे पाहत होता तर! खाली बसून तिला हे कधी दिसलंच नव्हतं.

आणि मग तिला ते दिसलं. चर्च खच्चून भरलेलं. माणसं बाजूच्या भिंतींना टेकून उभी, बायका लेकरं कडेवर घेऊन बाजूच्या दारांत उभ्या. तरी कठड्यासमोरच्या बाकाची कडेची जागा रिकामी होती. तिची जागा. बाकावरच्या बायका दाटीवाटीनं अंग चोरून बसल्या होत्या, पण त्या जागेला कुणाचा पदरही लागत नव्हता.

"कधीपासून गं?" तिनं पुटपुटत विचारलं.

गीताच्या दोन कडव्यांमध्ये रेजिना कुजबुजली, "तुम्ही यायच्या थांबल्यापासून. दर रविवारी. कुणी कुणाला सांगितलं नाही, काकी. कुणी बसतच नाही तिथं."

विसरले म्हणत होती ना ती! किती खोटं, किती कडू बोलली होती मनाशी. तिला त्या रिकाम्या जागेवर सांतानसारखी एक मूठ टाकावीशी वाटली. पण रागाच्या भरात बाईनं सगळंच झटकून टाकलं होतं. लुगडं रितं होतं.

ते रितं लुगडं खांद्यावर टाकून ती जिना उतरली. उभ्या माणसांनी वाट दिली. बाकावरच्या शेजारणीनं तिचा हात हातात घेतला. ती आपल्या जागी बसली, आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "देव बरं करो रे तुमचं."

गीत सरत आलं. पाकळ्या निवल्या. चर्च शांत झालं.

तेव्हा वरून, उशिरानं, अगदी उशिरानं, एक मूठ सुटली. कठड्याशी रेजिना उभी होती, डोळे भरलेले, हात रिकामा. लाल कागदाच्या वेड्यावाकड्या, पोरांनी कापलेल्या पाकळ्या हेलकावत आल्या आणि काकीच्या डोक्यावर उतरल्या. केसांत लाल, खांद्यावर लाल, काळ्या साडीवर लाल. सारं चर्च गालात हसलं. म्हातारी लाजली, आणि एकेक करून, अलगद, ती कागद वेचू लागली.