बुधवारचे शेवटचे दोन तास

शाळा सुरू व्हायला पंधरा दिवस उरले की गणिताच्या बाईंची विचारपूस एकदम वाढायची. एरवी जिन्यात नुसती मान हलवून पुढे जाणारी माणसं थांबून तब्येत विचारायची, चहा पुढे करायची, साडीच्या रंगाचं कौतुक करायची. बाई मनात म्हणायच्या, बोला, कुठला तास नकोय? एकवीस वर्षं शाळेचं वेळापत्रक बाईच करत होत्या, आणि बेचाळीस शिक्षकांपैकी एकालाही शेवटचा तास नको असायचा.

पद्धत ठरलेली होती. शिक्षकांच्या खोलीत, खिडकीपाशी, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवलेला असायचा. ज्याला काही हवंय त्याने चिठ्ठीवर एकच मागणी लिहायची, खाली कारण लिहायचं आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. डबा सगळ्यांसाठी उघडा, चिठ्ठ्या कुणीही वाचाव्यात. कारण नसेल तर मागणी बाद. चिठ्ठीच नसेल तर उरेल ते पदरात घ्यायचं. नियम बाईंचाच होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. चिठ्ठ्या वाचणं हा त्यातला करमणुकीचा भाग. संगीताच्या सरांचा जेवणानंतर आवाज लागत नसे. रसायनाच्या बाईंना सकाळी आजारी सासूबाईंना औषध द्यायचं असे, आणि त्याच सासूबाई गणिताच्या बाईंना रोज सकाळी बाजारात दिसायच्या, दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन टुणटुणीत. बाई हसायच्या आणि मागतील ते देऊन टाकायच्या.

संगणकावर त्यांचा विश्वास नव्हता. एका वर्षी त्याने खेळाच्या सरांना एकाच तासाला, एकाच मैदानावर तीन वर्ग दिले होते. तेव्हापासून पुन्हा भिंतीवरचा मोठा फळा, पुठ्ठ्याचे रंगीत तुकडे आणि टाचण्या. आठ दिवस तो खेळ चालायचा. इथला तुकडा काढला की तिथे भोक पडायचं, तिथलं बुजवलं की तिसरीकडून बोंब. पण अडलेला एखादा तास अचानक चपखल बसला की बाई रिकाम्या खोलीत मोठ्याने "हं!" म्हणायच्या आणि स्वतःला बक्षीस म्हणून एक बिस्किट द्यायच्या. वर्षभरातल्या या त्यांच्या आवडत्या आठ दुपारी.

त्यांचे स्वतःचे तुकडे लाल होते आणि ते सगळ्यांत शेवटी लागायचे. पहिल्याच वर्षी शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी हसत म्हणालं होतं, "ज्याच्या हाती ससा तो पारधी!" बाईंना ते असं झोंबलं की त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, आपल्याला उरलंसुरलं. झालं. एकवीस वर्षं दर शुक्रवारी शेवटचा तास बाईंचा, जेवणानंतरची पेंगुळलेली नववी ब बाईंची, आणि डब्यात बाईंची एकही चिठ्ठी नाही.

यंदा मात्र बाईंनी सगळ्यांत आधी एक कोरा पांढरा तुकडा घेतला आणि स्वतःच्या ओळीत बुधवारच्या शेवटच्या दोन तासांवर ठोकला.

झालं होतं असं, की सुट्टीत लेकीकडे सगळी मंडळी तळ्यावर गेली होती. सहा वर्षांच्या नातीने कपडे उतरवले आणि जाता जाता सांगितलं, "आजी, तू काठावर बस. टॉवेल धर." त्यात काही वाईट नव्हतं. बाई बसल्या, टॉवेल धरला. मग एकेक करत जावयाचा टॉवेल आला, लेकीचा आला, नवऱ्याचा चष्मा आला. त्या ओझ्यामागे बसून बाईंनी हिशेब केला. आधी भावंडांचे टॉवेल धरले, मग मुलीचा, आता नातीचा. चोपन्न वर्षांत आपण घोट्याच्या वर पाण्यात गेलेलोच नाही. त्यांना इतका राग आला की त्या घरी येईपर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत.

शाळेपासून दहा मिनिटांवर तरणतलाव होता. पन्नाशीपुढच्या नवशिक्यांची तुकडी आठवड्यातून एकदाच, बुधवारी तीन ते चार. बाईंनी नाव नोंदवलं, काळा पोशाख आणला, कपाटात मागे लपवला.

सात दिवस सगळं सुरळीत चाललं. आठव्या दिवशी फक्त एक गाठ उरली. बुधवारी शेवटचे दोन तास नववी ब ला कुणीतरी हवं होतं, आणि सगळा फळा पुन्हा उसकटल्याशिवाय तिथे दोनच माणसं बसू शकत होती. एक स्वतः बाई, दुसरे भूगोलाचे सर. सर वर्षापूर्वीच आलेले, अबोल, चाळिशीतले. त्यांची चिठ्ठी होती: 'बुधवारी शेवटचे दोन तास मोकळे मिळावेत. कारण घरगुती.'

बाई त्या चिठ्ठीकडे बघत बसल्या. नियम म्हणजे नियम. सरांकडे चिठ्ठी होती, कारण होतं. आपल्याकडे काय आहे? म्हणून त्यांनीही कागद घेतला आणि लिहिलं, 'पोहायला शिकायचे आहे.' वाचून त्यांचे त्यांनाच कान गरम झाले. चोपन्नाव्या वर्षी? लोक आजाऱ्यांची औषधं लिहितायत आणि या बाईला डुंबायचंय! त्यांनी कागद फाडला. दुसरा घेतला, दाराकडे पाहिलं, आणि भरभर लिहिलं, 'गुडघ्याचे उपचार.' चिठ्ठी डब्यात गेली आणि नववी ब सरांच्या नावावर गेली.

फळा लागला तेव्हा सर त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. मग बाईंकडे वळून म्हणाले, "असू दे बाई. गुडघा महत्त्वाचा." बाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, तो गोटा दुसऱ्याच दिवसापासून पडायला लागला. रसायनाच्या बाईंनी तेलाची बाटली आणली, वर ते लावायचं कसं त्याचं प्रात्यक्षिक दिलं. संगीताच्या सरांनी त्यांच्या हातातली वह्यांची चळत ओढूनच घेतली. नववी बची पोरं, जी आईबापालाही जुमानत नाहीत, ती बाई वर्गात आल्या की खुर्ची पुढे सरकवायला लागली. आणि मुख्याध्यापिकांनी तर कहर केला. "तुम्ही आता जिने चढायचे नाहीत," म्हणाल्या, आणि बाईंचा दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग, दोन खिडक्यांचा, उजेडाचा, वाऱ्याचा, एका फटक्यात काढून त्यांना तळमजल्यावर आणलं. शेजारी सुतारकामाची खोली. बाई फळ्यावर समीकरण मांडायच्या आणि भिंतीपलीकडे कुणीतरी त्याच्यावर हातोडा हाणायचं.

नवऱ्याला हे सगळं सांगितलं तेव्हा तो हसून हसून लोळला. "तुझा मेंदू कुठे असतो हे मला लग्नापासून माहीत होतं," तो म्हणाला, "आता सगळ्या शाळेला कळलं." बाईंनी त्याच्या अंगावर उशी फेकली.

पहिला बुधवार आला. बाई फाटकापर्यंत लंगडत गेल्या, कोपरा वळल्यावर सरळ चालायला लागल्या आणि तरणतलावापर्यंत जवळजवळ धावल्या.

नावं तपासायच्या खिडकीवर त्यांच्या पुढे एक म्हातारी उभी होती. पंच्याहत्तरीची तरी असेल, हातात काठी, काखेत पिशवी. खिडकीतली मुलगी तिला समजावत होती, "आजी, सत्तरीच्या पुढच्यांना एकटं आत सोडता येत नाही. काठावर सोबतीला कुणीतरी लागतंच."

"अगं, शेजारीण गाडीने सोडून गेली. ती चारला येणार," म्हातारी म्हणाली. "आता मी काय करू, तासभर इथे बाकावर बसू?"

बाईंचं तोंड त्यांच्या आधी बोललं. "मी आहे यांच्यासोबत."

आत शिकवणारी मुलगी बाईंच्या लेकीपेक्षाही लहान होती. तिने म्हातारीला हात धरून पाण्यात उतरवलं, बाईंकडे वळून म्हणाली, "तुम्ही सोबत ना? मग इथे बसा, या कडेला." आणि त्यांच्या हातात टॉवेल दिला.

बाई बसल्या. काळा नवा पोशाख अंगावर, डोक्याला घट्ट टोपी, आणि मांडीवर दुसऱ्याचा टॉवेल. मी पण शिकायला आलेय, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलवलं. समोर सात-आठ माणसं कडेचा दांडा धरून पाय आपटत होती, ओरडत होती, हसत होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तलावाचं नव्हतं.

म्हातारी कमरेएवढ्या पाण्यात कडेकडेने चालत त्यांच्यापाशी आली. "फार उपकार झाले हो," ती म्हणाली. "खुब्याचं हाड मोडलं होतं माझं. आता सांधलंय म्हणतात, पण जमिनीवर पाय टाकायचा म्हटलं की छातीत धडधडतं. पाण्यात नाही तसं होत. बघा, काठीशिवाय चालतेय."

"घरचं कुणी नाही का, मावशी?"

"मुलगा आहे की. तोच येणार होता. शाळेत भूगोल शिकवतो. बुधवार मोकळा मागितला होता त्याने, पण नाही मिळाला. तिथे एक बाई आहेत म्हणे, त्यांचे गुडघे पार गेलेत. मीच म्हटलं त्याला, जाऊ दे, बिचारीला गरज जास्त आहे."

बाईंनी टॉवेलाची घडी उलगडली, पुन्हा घातली. उठून निघून जावं असं वाटलं. पण सोबत सोडून जाणार कुठे?

"मावशी," त्या म्हणाल्या, "ती बाई मीच. माझे गुडघे ठणठणीत आहेत. मला पोहायला शिकायचं होतं."

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं. टोपीकडे पाहिलं, पोशाखाकडे पाहिलं. "मग काठावर काय करताय?" तिने विचारलं.

बाईंनी टोपी सारखी केली. चार वाजेपर्यंत त्या तशाच कोरड्या बसून राहिल्या.

गुरुवारी सकाळी बाई सरांना डब्यापाशी घेऊन गेल्या. खोलीत चहाची वेळ होती, दहाबारा जण होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजातच त्या बोलल्या, कारण हळू बोलल्या असत्या तर बोलणंच झालं नसतं. "सर, मी खोटं लिहिलं. गुडघ्याला काही झालेलं नाही. मी तरणतलावावर जाते. बुधवार तुमचा, मी घेते नववी ब. आईंना तुम्ही न्या." रसायनाच्या बाई म्हणाल्या, "म्हणजे माझं तेल?"

सरांचा चेहरा आधी कठीण झाला. झाला, त्यात खोटं काय सांगायचं. "काल दोन तास मी पोरांना नद्या काढायला लावल्या," ते म्हणाले, "आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. आई आत गेली असेल की नाही." मग म्हणाले, "पण मी तरी सरळ कुठे लिहिलं? आईचं आजारपण चारचौघांत नको म्हणून 'घरगुती' लिहून मोकळा झालो. आईला तलावावर न्यायचंय एवढं लिहिलं असतं, तर तुम्ही त्याच दिवशी म्हणाला असता, मी नेते."

"म्हणाले असते," बाई म्हणाल्या. आणि ते खरं होतं.

"मग न्या. रात्री आईने सांगून टाकलंय, मला तू नकोस, त्या बाई हव्यात. नववी ब राहू दे माझ्याकडे."

बाईंनी डब्यातून गुडघ्याची चिठ्ठी शोधून काढली, फाडली आणि नवी लिहिली. एकवीस वर्षांतली ही त्यांची पहिली खरी चिठ्ठी. मुख्याध्यापिकांनी ती वाचली, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. वर्ग मात्र तळमजल्यावरच राहील. वेळापत्रक छापून झालंय." तेव्हा हातोडा वर्षभर ऐकावा लागणार होता. बाईंनी मान्य केलं.

पुढच्या बुधवारी दोघी बरोबरच आल्या. शिकवणाऱ्या मुलीने सवयीने टॉवेल पुढे केला. बाईंनी हात मागे घेतले.

"मी यांना पाण्यातूनच सोबत केली तर चालेल का? मलाही शिकायचंय."

"चालेल की," मुलगी म्हणाली. "मागच्या वेळी का नाही विचारलंत?"

भिंतीला खुंट्या होत्या, एका खुंटीवर त्यांनी दोन्ही टॉवेल अडकवले आणि शिडी धरून उतरायला लागल्या. पाणी गार होतं. घोटे बुडाले, मग गुडघे बुडाले, आणि बाई चौथ्या पायरीवर अडकल्या. पुढे पाऊल पडेना.

"या हो," खालून मावशी म्हणाल्या. एका हाताने त्यांनी कडेचा दांडा धरला होता, दुसरा वर केला होता. "मी आहे सोबत."