कोरा रकाना

फॉर्म सात पानांचा होता. सहा पानं चोख भरलेली, अडलं होतं ते पहिल्याच पानावर. ‘कायमचा पत्ता’ हा रकाना कोरा!

“अपूर्ण,” असं म्हणून संचालिकेने फॉर्म बाजूच्या ट्रेमध्ये टाकला.

विस्थापितांच्या हाताला काम देणाऱ्या उद्योजकांसाठी ही फेलोशिप तिच्या बाबांनी सुरू केली होती. चार महिन्यांपूर्वी ते गेले आणि ती त्यांच्या खुर्चीत आली. टेबलावरचा त्यांचा चष्मा तिने हलवला नव्हता, की फॉर्ममधला एक शब्दही. यंदाची यादी पाचला बंद होणार होती. साडेचार झाले होते.

समोरची शिवणकाम करणारी बाई जागची हलली नाही.

“मॅडम, गोदामाच्या मालकाने उद्या सकाळपर्यंतची मुदत दिलीय. तुमचं पत्र दाखवलं तर राहू देईन म्हणतो. नाहीतर अकरा मशिनी रस्त्यावर आणि अकरा बायका घरी. घरी तरी कुठल्या म्हणा!” ती एकटीच हसली.

“एखाद्या नातेवाइकाचा पत्ता द्या ना.”

“त्यांनाच तर शोधतेय अजून.”

“माझा नाइलाज आहे. नियम बाबांचा आहे.”

बाईने कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. “गाव सोडताना कुलूप लावून निघाले होते. आता दार तरी आहे की नाही, कोण जाणे. कायमचा पत्ता असता, तर तुमच्या दारात कशाला आले असते मी?”

तेवढ्यात बाबांबरोबर वीस वर्षं काढलेले हेडक्लार्क खाकरले.

“ताई, बोलू का जरा?”

“नियमाविरुद्ध काही नको, काका.”

“नियमाबद्दलच बोलतोय.”

त्यांनी कपाटातून जुन्या फॉर्मचा गठ्ठा काढला. ती एकेक पान उलटू लागली. नावं वेगळी, अक्षरं वेगळी. पण कितीतरी फॉर्मवर तो एक रकाना बाबांच्या तिरप्या अक्षरात भरलेला. आणि पत्ता? त्यांच्याच घराचा!

म्हणून घरी अनोळखी नावांची पत्रं यायची तर! “हे घर आहे की पोस्ट ऑफिस?” म्हणून आई किती करवादायची.

“मग फॉर्मच का नाही बदलला त्यांनी?”

“पुढच्या वर्षी नक्की, म्हणायचे. दर वर्षी म्हणायचे! माणूस मोठा, पण अशा कामात एक नंबरचा आळशी.”

चार महिन्यांत ती पहिल्यांदाच हसली. पण हसू अर्ध्यावरच थांबलं. “मला का नाही सांगितलंत?”

“तुम्ही चष्मा पुसूसुद्धा देत नव्हता, ताई.”

तिने ट्रेकडे पाहिलं. एकोणीस फॉर्म! न वाचताच तिने बाजूला टाकलेली एकोणीस माणसं!

तिने पेन उचललं, पण घरचा पत्ता लिहिला नाही. बाबांनी आपला पत्ता दिला, तो त्यांचा मोठेपणा. पण ज्याचं घर गेलं, त्याने कुणाच्या मोठेपणावर का अवलंबून राहावं? तिने त्या रकान्यावर सरळ आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं : काम कुठे चालतं?

“सांगा,” ती म्हणाली.

बाईने गोदामाचा रस्ता सांगितला. तिने तो लिहून घेतला, सही केली आणि पत्र टाइप करायला फॉर्म काकांच्या हाती दिला.

वाचकहो, असे रकाने आपल्याही ऑफिसात असतील, शाळेत असतील, सोसायटीच्या गेटवरच्या वहीत असतील. गेलेल्या माणसांचा मान त्यांचे कागद जपून राहत नाही. त्यांनी ज्यांच्यासाठी दार उघडलं, त्यांना आत घेतल्यानेच राहतो.

पाचला वीस कमी होते. “काका, तो ट्रे इकडे द्या,” ती म्हणाली, आणि टेबलावर जागा व्हावी म्हणून तिने बाबांचा चष्मा उचलून खणात ठेवला.