उंबरा आला का?

गेल्या दसऱ्याला कारकून भालचंद्राने सरदारांना पाठ दाखवली. मुद्दाम कोण दाखवील? मुजरा केला, विडा घेतला आणि वाण्याच्या दुकानातून निघावं तसा गर्रकन वळून तो चालू लागला. शिंद्यांच्या लष्कर शहरातल्या मराठी माणसांत ही चूक म्हणजे सरदारांच्या तोंडावर जांभई देण्यासारखी. मुजरा झाला की पाठ न वळवता, उलट्या पावली उंबऱ्यापर्यंत जायचं, उंबरा ओलांडायचा आणि मगच वळायचं, हे पोरंसोरंही जाणत होती.

सरदार मानसिंगरावांनी ते हसून सोडून दिलं. पण त्यांचे कारभारी विश्वासराव यांनी भालचंद्राला द्यायची होती ती कचेरीतली मुख्य कारकुनाची जागा अडकवून ठेवली.

"पुढच्या दसऱ्याला बघू," ते म्हणाले. "तोवर घोड्यालाही शिस्त लागते."

त्या जागेवर कचेरीतल्याच मधुसूदनचाही डोळा होता. त्याचं अक्षर भालचंद्रापेक्षा वाईट होतं, पण मुजरा तो असा झोकात करायचा की बघणाऱ्याने आपली पगडी सावरावी.

भालचंद्राचे सासरे रघुनाथराव यांनी सारा जन्म दरबारच्या चाकरीत काढला होता आणि आता छावणीत राहून ते जावयाची काळजी करत. ते एके सकाळी नया बाजारातल्या त्याच्या बिऱ्हाडी आले आणि बसायच्या आधीच बोलायला लागले.

"जावईबापू, अक्षराने माणूस वर जात नाही. सवयीने जातो. पहाटे उठायचं, पगडी नीट बसवायची, कमी बोलायचं, हे सगळं तुम्हाला येतं. तुमचं घोडं पायांत अडलंय. पाय डोक्याला विचारत बसतात आणि डोकं तुमचं नेहमी पुढच्या कामात. सवय अशी मुरली पाहिजे की डोक्याला विचारायलाच नको."

"ती कशी मुरवायची, अप्पा?"

"रोज करून! दुसरं काय?"

मग रोज सुरू झालं. पहाटे आंघोळ उरकली की भालचंद्र देव्हाऱ्यासमोर तीनदा वाकून मुजरा करायचा आणि उलट्या पावली स्वयंपाकघरातून निघायचा. पहिल्या दिवशी तो पाण्याच्या घंगाळात बसला. दुसऱ्या दिवशी पिठाच्या डब्यात. बायको दुर्गा चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने हात न थांबवता सांगायला सुरुवात केली.

"अहो, डावीकडे. तुमच्या डावीकडे! तो डावा हात आहे का? आता सरळ. या, या."

"दुर्गे, उंबरा आला का?"

"अजून नाही... अजून नाही... आला. उचला पाय."

चारचौघांत भालचंद्र कधी तिचं नाव घेत नसे. "अगं, ऐकलंस का" म्हणायचा, सगळेच म्हणायचे. पण पहाटे घरात दुसरं कोण होतं? आणि मागे बघता येत नसताना माणूस ज्याच्या भरवशावर चालतो, त्याला नावाने हाक मारल्याशिवाय राहवत नाही. दुर्गालाही ते आवडत असावं. कारण उंबरा समोर दिसत असून ती कधीकधी उगीच "अजून नाही" म्हणायची आणि तो नावाने पुन्हा विचारीपर्यंत थांबायची.

पावसाळा संपेतो सवय इतकी मुरली की आवरेना. गुळाच्या दुकानात त्याने दुकानदार दौलतसिंहाला मुजरा केला आणि गुळाची पुडी छातीशी धरून उलटा निघाला. दौलतसिंह ओरडला, "बाबूजी, गुड़ लेने आए थे या नज़राना देने? पीछे गाय है!"

गाईने त्याला जागा दिली. अप्पा मात्र खूष झाले. "आता झोपेतही चुकायचे नाहीत," ते म्हणाले.

दसरा उजाडला. सरदारांच्या कोठीचा दिवाणखाना भरला होता. मानसिंगराव गादीवर, विश्वासराव त्यांच्या बाजूला, आणि उजवीकडे पडद्यामागे बाईसाहेब राजलक्ष्मी आणि घरच्या बायका. मधुसूदन आला, झोकात वाकला, झोकात गेला. विश्वासरावांनी मान डोलावली.

मग भालचंद्र. तीनदा वाकला. विडा घेतला. पाय आपोआप मागे निघाले. किती छान चालला होता! पगडी हलली नाही, नजर ढळली नाही. विश्वासरावसुद्धा थोडे पुढे सरकून बघायला लागले. अन् दाराजवळ येऊन भालचंद्र थांबला.

थांबला तो थांबलाच. वाकलेला, हात कपाळाशी, एक पाय जरासा उचललेला. मागे मुजऱ्याला आलेली माणसं खोळंबली. कोणी खाकरलं. भालचंद्राच्या डोक्यात काहीच नव्हतं. अप्पांनी सांगितलं होतं तसंच, डोक्याला कोणी विचारलंच नव्हतं. पाय आवाजाची वाट बघत होते आणि आवाज नया बाजारात भाकऱ्या थापत होता.

"काय झालं?" मानसिंगरावांनी विचारलं.

सवयीने तोंड उघडलं. "दुर्गे, उंबरा आला का?"

दिवाणखान्यात एवढी शांतता पडली की पडद्यामागच्या बांगड्या ऐकू आल्या. भर सभेत बायकोचं नाव! मधुसूदनने तोंडावर उपरणं धरलं. विश्वासरावांनी डोळे मिटले. जागा गेली, हे भालचंद्राला पाठीमागच्या उंबऱ्यापेक्षा स्पष्ट दिसत होतं.

पडद्यामागून बाईसाहेबांचा आवाज आला. "नाव घेतलंत तर नीट घ्या. असं उघडं नाव घेत नाहीत. उखाणा हवा!"

"हो, हो! उखाणा!" बायकांनी एकच गिल्ला केला.

भालचंद्राने सरदारांकडे पाहिलं. सरदार छताकडे बघत होते. घरच्या बायकांपुढे त्यांचंही काही चालत नसावं. शेवटी वाकल्या वाकल्याच, रडवेल्या आवाजात भालचंद्र म्हणाला:

"शिंद्यांच्या छावणीत घोड्यांची रांग,
दुर्गे, उंबरा कुठं आला, एकदाचं सांग!"

पडद्यामागे हशा फुटला. त्यातूनच बाईसाहेब म्हणाल्या, "आला हो आला! उचला पाय!"

पायाने लगेच ऐकलं. भालचंद्र उंबरा असा सुबक ओलांडून गेला की हसणारेही गप्प झाले. पाठ कोणालाच दिसली नव्हती.

संध्याकाळी विश्वासरावांनी त्याला बोलावलं. त्यांचा चेहरा आंबट होता.

"कचेरीत मुख्य कारकून मधुसूदन झाला."

"जी."

"बाईसाहेबांच्या खाजगी दप्तरालाही मुख्य कारकून हवा होता. तिथे कोणी टिकत नाही. त्यांनी तुम्हाला मागितलंय. म्हणाल्या, विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही असा एक तरी पुरुष या कोठीत असू द्या."

भालचंद्र घरी पळतच आला, सरळ पावली. दुर्गाला सगळं सांगितलं, जागा, पडदा, उखाणा, काही लपवलं नाही. ती ऐकत होती. हातातली भाकरी तव्यावर करपली तरी ऐकत होती.

"भर सभेत माझं नाव घेतलंत?"

"सवयीने गं. चुकून."

"नाव घेतलंत ते घेतलंत," ती पदर तोंडाशी नेत म्हणाली, "पण मला घोड्यांच्या रांगेत उभं केलंत?"