गॅलरीतली सीडी

मी रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात रेकॉर्ड सांभाळतो. बावीस वर्षं लोकांच्या अर्जांवर 'अभिलेख उपलब्ध नाही' असा शेरा मारत आलोय. बहुतेक वेळा अभिलेख उपलब्ध असतो. फक्त खुर्चीतून उठावं लागतं.

माझी बायको कुमुद हिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. डॉक्टर पूर्णिमा मूळच्या नागपूरच्या, मराठी बोलता बोलता हिंदीत शिरणाऱ्या. त्यांनी ठरवलं, आधी रेडिएशन, मग ऑपरेशन. इकडे रेडिएशनला सिकाई म्हणतात, त्यामुळे ते पापड भाजण्याइतकं घरगुती वाटतं. सिकाईआधी एक एमआरआय, सिकाई संपल्यावर काही आठवड्यांनी दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं. गाठ नीट विरली असेल तर उरलेली तेवढी काढायची, स्तन वाचवायचा.

कुमुदनं एकदाच विचारलं, "पूरं तर नाही काढत न जी?"

"नाही," मी म्हटलं. माझ्या शब्दाला घरात अजून किंमत होती.

पहिल्या एमआरआयला सेंटरवाल्यानं फिल्म हवी का विचारलं. सीडीत सगळं येतं म्हणून मी नको म्हटलं. रिपोर्ट आला, तो फाइलला लावला, वर रंगीत चिठ्ठी चिकटवली. आदेश निघाला की खालची टिपणं कोण पाहतो? सीडीचं काम संपलं.

त्याच सुमाराला चौबे कॉलोनीतल्या आमच्या गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. सिकाईनं कातडी सोलवटेल, घरात घाण नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. चकाकत्या सीडीला कबूतर भितं हे अख्खी कॉलोनी जाणते. मी आमच्या लग्नाच्या दोन सीडी दोरीला बांधल्या. तिसरी कमी पडत होती.

एप्रिल आणि मे त्या तिन्ही उन्हात फिरत राहिल्या.

जूनमध्ये दुसरा एमआरआय झाला. "बढ़िया!" डॉक्टर म्हणाल्या. "अडतीस मिलिमीटरवरून अकरा. भैया, पहलेवाली सीडी?"

"रिपोर्ट आहे न," मी फाइल पुढे केली.

"रिपोर्टात माप आहे. हा उरलेला ठिपका जुन्या गाठीच्या मधोमध आहे की कडेला, बाकीची खरंच गेली की बारीक तुकड्यांत पसरून राहिली, ते जुनी चित्रं पाहूनच कळेल. त्यावरच ठरतं, किती वाचवायचं."

"सेंटरनं दिलीच नाही," मी म्हणालो. शेरा मारायची सवय.

कुमुदनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी सेंटरला फोन लावला. जुनी चित्रं त्यांच्या मशीनमधून पुसली गेली होती, पण वहीत सीडी मिळाल्याची सही होती. माझी.

"गॅलरीत आहे," कुमुद म्हणाली. "कबुतरांसाठी."

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला.

मी उठलो. स्कूटर काढली, घरी गेलो, दोरी कापली, चाळीस मिनिटांत परत आलो. सीडीवरचं कुमुदचं नाव पुसट झालं होतं, चकाकी फिकी पडली होती. कॉम्प्युटरनं ती घुर्रघुर्र फिरवली आणि बाहेर काढली. शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरनंही तेच केलं.

"रिस्क नहीं ले सकते," डॉक्टर कुमुदला म्हणाल्या. "पूरा निकालना पड़ेगा, दीदी."

बाहेर बाकावर बसलो. मी चपलेकडे पाहत विचारलं,

"तुले माहीत होतं?"

"कपडे वाळत घालताना पाहिली. माझंच नाव होतं."

"मग काहून नाही बोलली?"

"वाटलं, कामाची नसन म्हणून लावली. रेकॉर्डचं तुमाले समजते, मले काय समजते? अन् कबुतरं काही कमी नाही झाली."

माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

नर्स संमतीचा कागद घेऊन आली. पूर्ण स्तन काढण्याचं कारण डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'तुलनेसाठी पूर्वीची चित्रं उपलब्ध नाहीत.' मी दोनदा वाचलं. असा शेरा घेऊन माणूस दारातून बाहेर पडतो, तेव्हा तो कुठे जातो, हे मी बावीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.

कुमुदनं सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. तिच्या नावाखाली मी माझी केली. सेंटरच्या वहीत होती तशीच, सुवाच्य.