भिंतीपर्यंतची पायवाट

धनेशला एक नाद लागला होता. मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडायचा आणि बसल्या जागी जगभर भटकायचं. वाळूत रुतलेलं जहाज, माशाच्या आकाराचं बेट, जंगलावरून उडता उडता फोटोत अडकलेलं विमान, असं काहीबाही शोधून तो मित्रांच्या ग्रुपवर टाकी. पूर्णा गावात दोन गोडाऊनं भाड्याने दिलेल्या माणसाला दुसरं काम तरी काय असणार!

एका दुपारी तो हिंडत हिंडत स्वतःच्याच घरावर येऊन पोचला. चित्र जुनं होतं, आई गेली त्याच्या आधीचं. घराच्या मागे, पडीक शेतात, त्याला एक गंमत दिसली. एक पांढुरकी पायवाट सरळ येत होती आणि त्याच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून संपत होती. भिंतीला तिथे ना दार, ना खिंडार. अशी वाट कोण कशाला पाडेल?

त्याने बोट सरकवत वाटेचं दुसरं टोक गाठलं आणि त्याचं डोकंच फिरलं. वाट काशीताईच्या मागच्या दारातून निघत होती.

काशीताई त्याची सख्खी थोरली बहीण, गावातच दिलेली. जमिनीला भाव आला तेव्हा हक्क सोडल्याची सही करायला तिने नकार दिला होता. धनेशने साऱ्या आळीदेखत तिला उंबऱ्यावरून परत पाठवलं, मागची भिंत पुरुषभर उंच केली आणि बोलणं टाकलं. आईच्या मयतीलाही ती फाटकाबाहेरच उभी राहून गेली. आणि ही बाई मागून हद्द सरकवायला बघत होती म्हणायची! तो फोन घेऊन तणतणत निघाला.

काशीताई ओट्यावर सुकट निवडत होती. इतक्या वर्षांनी भावाला दारात बघून तिचे हात थांबले.

“माझ्या भिंतीपाशी काय काम होतं तुझं?” त्याने फोन तिच्यासमोर धरला. “रोज गेल्याबिगर अशी वाट पडत न्हाय.”

तिने डोळे बारीक करून बघितलं आणि तिचा चेहरा मऊ झाला. “वरून दिसतंय होय हे? अरे, आईशी बोलाला यायचे. दुपारी ती मागच्या अंगणात खाट टाकायची ना, भिंतीला लागून. ती आतून, मी बाहेरून.”

धनेश ओट्याच्या कडेला बसला. आई भिंतीशी बोलते, हे त्याला बायकोने सांगितलं होतं. म्हातारीला भ्रम झाला म्हणून त्यानेच तिला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या चालू केल्या, खाट उचलून पुढच्या खोलीत टीव्हीसमोर टाकली आणि मागच्या दाराला कुलूप घातलं. ताईचं नाव घेतलं तर भिंत आणखी चढेल, हे आई ओळखून असणार. मागच्या अंगणात ने म्हणून तिने हात जोडले, तेव्हा त्याने तिला लहान पोरासारखं दटावलं होतं. पुढे ती फारशी कुणाशी बोललीच नाही, आणि मग गेली. आपण आईची केवढी सेवा करतोय, असं त्याला तेव्हा वाटत होतं.

“आईचा आवाज येईनासा झाला, तरी यायचे मी,” काशीताई म्हणाली. “हाका मारायचे. मग समजलं, आत नेलंय तिला.”

“चुकलो गं ताई.” धनेशला रडू आवरेना. “लय वाईट केलं मी. काय बोलायची गं आई? माझ्याशी तर शेवटी काहीच बोलली न्हाय. एखादं तरी सांग.”

काशीताईने त्याला पाणी आणून दिलं. तो प्यायला तोवर ती थांबली.

“जमीन सगळी तुझ्याकडं हाय,” ती म्हणाली. “आईचं बोलणं तेवढं माझ्या वाटणीला आलं. त्यातलं तुला देणार न्हाय.”